ग्रेट हायवे मोटारींसाठी पुन्हा खुला करावा का?

नोरिएगाकर

नमस्कार. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या आउटर सनसेट भागात, नोरिएगा स्ट्रीटजवळ, गेली १७ वर्षे राहतो. आमच्या घरापासून समुद्र सहा गल्ल्यांवर आहे. या भागातील आम्हा मराठी कुटुंबांत सध्या कोणत्याही भेटीत अर्धा तास एकाच विषयावर जातो, आणि परवा एका जेवणाच्या वेळी दोन जुन्या स्नेह्यांत त्यावरून बोलणे इतके वाढले की तो विषय इथे नीट मांडावा असे वाटले.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओशन बीचच्या कडेने, लिंकन वेपासून स्लोट बुलेव्हार्डपर्यंत, सुमारे दोन मैलांचा चौपदरी रस्ता होता. एवढ्या अंतरात त्याला एकही आडवा रस्ता मिळत नव्हता, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी तो शहरातील सर्वांत सरळ मार्ग होता. एप्रिल २०२० मध्ये महासाथीच्या काळात तो मोटारींसाठी बंद झाला. ऑगस्ट २०२१ पासून आठवड्यातील कामाच्या दिवशी मोटारी, आणि शुक्रवार दुपारपासून सोमवार पहाटेपर्यंत पादचारी व सायकली, अशी वाटणी झाली. ही व्यवस्था प्रयोग म्हणून २०२५ अखेरपर्यंत चालणार होती. त्याआधीच नोव्हेंबर २०२४ मध्ये हा रस्ता मोटारींसाठी कायमचा बंद करण्याचा प्रस्ताव, म्हणजे प्रपोझिशन के, मतदानाला आले आणि सुमारे ५५ टक्के मतांनी मंजूर झाले. १४ मार्च २०२५ रोजी मोटारी कायमच्या थांबल्या आणि १२ एप्रिलला तेथे ‘सनसेट ड्यून्स’ हे उद्यान सुरू झाले. शहराच्या पूर्वेकडील वस्त्यांनी बाजूने मत दिले, तर रस्त्याच्या शेजारी राहणाऱ्या सनसेट आणि रिचमंड या भागांनी विरोधात. आमचे सुपरवायझर (म्हणजे आपल्याकडचे नगरसेवक) जोएल एंगार्डिओ यांनी हा प्रस्ताव पुढे नेला होता. १६ सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत आमच्या भागाच्या मतदारांनी त्यांना सुमारे ६३ टक्के मतांनी पदावरून दूर केले. आता रस्ता पुन्हा खुला करण्याचा प्रश्न मतपत्रिकेवर आणावा, अशी मागणी जोर धरते आहे.

मी स्वतः के विरुद्ध मत दिले होते. माझे काम दक्षिणेला आहे आणि मला रोज तो रस्ता लागत असे. पण या उन्हाळ्यात माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. तिला कृष्णेच्या घाटावर रोज संध्याकाळी फिरण्याची सवय. इथल्या पदपथावर झाडांच्या मुळांनी फरशा उचललेल्या असल्यामुळे ती काठी घेऊनही बिचकत चालते. त्या बंद रस्त्याच्या सपाट डांबरावर मात्र ती एकटी, कोणाचा हात न धरता, एक मैल जाऊन परत येते. तिला परत येताना पाहिले की माझ्या मताविषयी मला खात्री राहत नाही. तुमचे काय मत आहे? रस्ता पूर्ण खुला करावा, कामाच्या दिवसांपुरता खुला करावा, की आहे तसाच ठेवावा?

रिचमंडवासी

खुला करावा, आणि लवकरात लवकर करावा. माझ्या सासऱ्यांचे आठवड्यातून तीनदा डेली सिटीला डायलिसिस असते. पूर्वी आम्ही घरून निघालो की समुद्राच्या कडेने थेट दक्षिणेकडच्या स्कायलाइन बुलेव्हार्डला लागत असू. आता आमच्या रिचमंडच्या दक्षिणेला असलेल्या गोल्डन गेट पार्कमधून चेन ऑफ लेक्स ड्राइव्हने जावे लागते, आणि त्या रस्त्याला प्रत्येक दिशेला एकच पदर आहे. लिंकन वे आणि ४१व्या अॅव्हेन्यूच्या चौकात नवा सिग्नल बसवला, तरीही सकाळी पार्कच्या आतपर्यंत रांग येते. एकदा आम्ही उशिरा पोहोचलो म्हणून त्यांची खुर्ची दुसऱ्या रुग्णाला दिली गेली आणि ७९ वर्षांच्या माणसाला दोन तास ताटकळत बसावे लागले.

प्रवासाला सरासरी तीनच मिनिटे जास्त लागतील असे मतदानाआधी सांगितले जात होते. सरासरीत रात्री नऊला जाणारी गाडीसुद्धा येते. आमची गाडी सकाळी साडेसहाला निघते.

धुक्यातली

शनिवार-रविवारची वाटणी चांगली चालली होती. ती का मोडली, हे मला अजूनही कोणी नीट समजावून सांगितलेले नाही.

स्थापत्य५८

मी स्थापत्य अभियंता म्हणून ३१ वर्षे काम केले आहे, आणि या रस्त्याविषयी मला आपुलकी आहे, म्हणून धुक्यातली यांच्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

त्या किनाऱ्यावर समुद्र दोन ठिकाणी दोन वेगळी कामे करतो. उत्तरेकडे वाळू साठत जाते आणि वाऱ्याने रस्त्यावर येते. दक्षिणेकडे, स्लोटच्या पलीकडे, किनारा खचतो. वाळूमुळे हा रस्ता काही वर्षी साठांहून अधिक दिवस मोटारींसाठी बंद ठेवावा लागे, हे आपण सर्वांनीच अनुभवले आहे. सकाळी निघावे आणि फाटक बंद दिसावे, असे किती वेळा झाले असेल ते आठवून पाहा. दक्षिणेकडची अडचण अधिक गंभीर आहे. स्लोटपासून स्कायलाइनपर्यंतचा तुकडा धूप होऊन टिकणार नाही म्हणून तो मोटारींसाठी बंद करण्याचा निर्णय शहराने प्रपोझिशन के मतदानाला येण्यापूर्वीच घेतला होता. तेथे शहराचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, आणि रस्ता वाचवण्यापेक्षा ते वाचवणे शहराला भाग आहे. हा तुकडा गेल्यावर ग्रेट हायवेवरून आलेल्या प्रत्येकाला स्लोटला आत वळावेच लागणार होते. म्हणजे रिचमंडवासी ज्या सरळ मार्गाविषयी लिहितात, तो मार्ग के नामंजूर झाले असते तरी तसा राहिला नसता.

आता वाटणीविषयी. कामाच्या दिवशी रस्ता आणि सुटीला उद्यान असे ठेवायचे तर सिग्नल, दुभाजक, फाटके, वाळू उपसणे हा रस्त्याचा सगळा खर्च राहतो, आणि त्या जागेवर बाक, झाड, खेळाचे साहित्य असे काहीच कायमचे मांडता येत नाही. हे कारण मला पटते. परंतु ते लोकांसमोर नीट ठेवले गेले नाही, हेही तितकेच खरे आहे.

मुरुडची_पुळण

मी दापोली तालुक्यातली, तुमच्या शहरात कधी आलेले नाही. पण वाळूविषयी वाचून राहवले नाही. आमच्याकडे पुळणीच्या मागे सुरूचे बन लावतात ते वाळू आणि वारा अडवण्यासाठीच. जेथे बन तुटले तेथे वाळू वाडीत शिरते, माडांच्या आळ्यांतून ती उपसत बसावी लागते. तुमच्या रस्त्याच्या कडेला असे काही लावलेले नाही का?

स्थापत्य५८

मुरुडची_पुळण, अगदी नेमका प्रश्न विचारलात. सनसेटचा सगळा भाग एकोणिसाव्या शतकात वाळूच्या टेकड्यांचा होता. तेव्हा वाळू धरून ठेवण्यासाठी युरोपातून आणलेले एक गवत लावले गेले, आणि ते आजही किनाऱ्यावर आहे. आत्ता रस्त्यालगत ज्या टेकड्या दिसतात त्या मात्र बऱ्याच अंशी माणसाने रचलेल्या आहेत. गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत या रस्त्याखाली सांडपाणी आणि पावसाचे पाणी साठवून वाहून नेणारी प्रचंड मोठी काँक्रीटची पेटी बांधली, आणि त्या खोदकामातील वाळू तेथे वापरली. त्यामुळे वरती मोटारी असोत वा मुले, शहराला त्या पट्ट्याकडे लक्ष ठेवावेच लागणार आहे. उद्यान झाले म्हणून वाळूचा खर्च संपला, असे जे सांगतात तेही पूर्ण खरे सांगत नाहीत. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी ती वाट मोकळी लागतेच.

शर्वरी_स

मी शहराच्या पूर्वेकडील मिशन भागात राहते आणि मी के च्या बाजूने मत दिले आहे. आमच्याकडे मोटार नाही. दोन मुलांना घेऊन आम्ही एन ज्युडा ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत येतो, तेथून समुद्र दोन मिनिटांवर आहे. धाकटीने सायकल याच रस्त्यावर शिकली, कारण आमच्या इमारतीभोवती सायकल शिकण्याजोगी जागाच नाही. समुद्रकिनारा हा शहरातील सर्वांचा आहे, त्याच्या शेजारी घर असणाऱ्यांचा एकट्यांचा नव्हे. म्हणून त्याविषयी सर्व शहराने मत देण्यात मला काहीही गैर वाटत नाही.

रिचमंडवासी

किनारा सर्वांचाच आहे, आणि तो कोणीही तुमच्यापासून हिरावून घेतलेला नव्हता. पदपथ होता, पायवाट होती, शनिवार-रविवार अख्खा रस्ता होता. आम्ही रोज वापरतो त्या वस्तूविषयी, महिन्यातून एकदा येणाऱ्यांनी निर्णय घ्यावा, हे मला न्याय्य वाटत नाही. शर्वरी, तुमच्या घराजवळचा रस्ता ठेवायचा की काढायचा, यावर उद्या आम्ही मत दिले तर चालेल का?

शर्वरी_स

ते घडून गेलेले आहे. १९८९ च्या भूकंपानंतर मोडकळीला आलेला सेंट्रल फ्रीवे हा उंचावरचा महामार्ग हेस व्हॅली या वस्तीच्या डोक्यावरून जात होता. त्याच्या सावलीत राहणाऱ्यांना तो नको होता. १९९७ मध्ये शहराने मतदान करून तो पुन्हा बांधायचे ठरवले, आणि त्या बाजूने सर्वांत जास्त आग्रह सनसेट व रिचमंडचा होता, कारण त्यांना तो घरी जाण्यासाठी सोयीचा होता. १९९८ मध्ये मतदारांनी तो निर्णय फिरवला, १९९९ मध्ये पुन्हा एकदा तेच ठरवले, आणि २००५ मध्ये तेथे ऑक्टेव्हिया बुलेव्हार्ड सुरू झाला. तेव्हा हेस व्हॅलीचे रहिवासी नेमके तुमचेच वाक्य बोलत होते. मी हे तुम्हाला हरवण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या सासऱ्यांविषयी वाचून मला खरोखर वाईट वाटले. पण शेजाऱ्यांचे मत अंतिम मानायचे, हा नियम प्रत्येक ठिकाणी लावावा लागेल.

धुक्यातली

हा इतिहास मला माहीत नव्हता. धन्यवाद. यातून एक गोष्ट मात्र दिसते, की एका मतदानात ठरलेले पुढच्या मतदानात बदलता येते, आणि तसे मागणाऱ्यांना लोकशाहीचे विरोधक म्हणणे चुकीचे आहे.

स्थापत्य५८

तुमच्या दोघींच्या मुद्द्यांना जोडून एम्बार्काडेरो फ्रीवेचे, म्हणजे फेरी बिल्डिंगसमोरून बंदराच्या कडेने जाणाऱ्या उंचावरच्या महामार्गाचे, उदाहरण देतो. १९८६ मध्ये मतदारांनी तो पाडण्यास नकार दिला होता. भूकंपाने तो निकामी झाला, तेव्हाचे महापौर आर्ट अॅग्नोस यांनी तो पाडण्याची बाजू घेतली आणि १९९१ मध्ये पाडकाम सुरू झाले. चायनाटाउनच्या व्यापाऱ्यांचा त्याला कडाडून विरोध होता, कारण त्यांची गिऱ्हाइके त्या रस्त्याने येत. अॅग्नोस त्याच वर्षीची निवडणूक हरले, आणि त्या पराभवामागे चायनाटाउनचा रोष हे एक कारण मानले जाते. आज फेरी बिल्डिंगसमोर उभे राहून तो रस्ता परत हवा असे म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. पण लोक या गोष्टीचा अर्धाच भाग सांगतात. चायनाटाउनला बदल्यात भुयारी रेल्वे मिळावी असा आग्रह तेथील नेत्यांनी धरला, आणि ती रेल्वे प्रत्यक्ष धावू लागायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. रस्ता काही महिन्यांत जातो. बदल्यात कबूल केलेले मिळायला एक पिढी जाते. सनसेटचे लोक चिडले आहेत ते मला या ठिकाणी समजते.

पेशवेपार्क

पुण्यात महापालिका दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद असतो. मी दोनदा गेलो आहे. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालताना दोन्ही बाजूंच्या जुन्या वाड्यांच्या गॅलऱ्या मान वर करून पाहता येतात. एरवी मागून येणाऱ्या दुचाकीकडे लक्ष ठेवण्यातच सगळा वेळ जातो. परंतु बारा तारखेला सगळे पूर्ववत होते, त्यामुळे बंद रस्त्याची शेजारच्या गल्ल्यांना खरोखर किती झळ बसते हे आम्हाला कधीच कळत नाही. तुमच्याकडे तो अनुभव आता काही महिन्यांचा आहे. म्हणून शेजारच्या गल्ल्यांत राहणाऱ्या कोणी लिहावे, अशी विनंती.

पंचेचाळिसावी

मी लिहितो. मी लोअर ग्रेट हायवेपासून (बंद झालेल्या मोठ्या रस्त्याला समांतर जाणारा, घरांच्या बाजूचा लहान रस्ता) जवळच, भाड्याच्या घरात राहतो. एच-१बी व्हिसावर असल्यामुळे मला या शहरात मत नाही. आठ वर्षे कर भरतो आहे, पण या प्रश्नावर मला कोणी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. त्यामुळे मी जे पाहिले तेवढेच सांगतो.

पहिले काही आठवडे वाईट गेले. मोठा रस्ता बंद झाल्याचे ठाऊक नसलेले, किंवा ठाऊक असूनही वाट शोधणारे चालक आमच्या गल्ल्यांतून वेगाने जात. थांब्याच्या पाट्यांवर ते पूर्ण थांबत नसत. लोअर ग्रेट हायवेवर गतिरोधक आहेत, त्यांचा उपयोग होतो, पण ते चुकवण्यासाठी गाड्या एक गल्ली आत सरकतात. आता हे प्रमाण कमी झाले आहे, संपलेले नाही. छान ऊन पडलेल्या रविवारी घरासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही, ही अडचण मात्र वाढली आहे.

दुसरी बाजूही सांगतो. आमची झोपायची खोली समुद्राच्या बाजूला आहे. आठ वर्षांपैकी बहुतेक काळ मी रात्री जो आवाज समुद्राचा समजत होतो, तो मोठ्या प्रमाणात टायरांचा होता. मार्चनंतर तो थांबला. आता भरतीची आणि ओहोटीची लाट वेगळी ऐकू येते. माझा जन्म मालवणचा आहे. हा फरक मला लहानपणी कळत असे आणि मधल्या काळात मी तो विसरलो होतो.

सावंतवाडीकर_काकू

माझ्या यजमानांचे दोन्ही गुडघे निकामी आहेत. त्यांना चालता येत नाही आणि चाकांच्या खुर्चीत बसायला ते तयार नाहीत. दर बुधवारी मी त्यांना गाडीत बसवून त्या रस्त्याने हळूहळू नेत असे, आणि ते काच खाली करून समुद्र पाहत. आमच्यासाठी ते फिरणे होते. उद्यान सर्वांसाठी आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ‘सर्वां’त ते येत नाहीत, एवढेच मला सांगायचे आहे.

शर्वरी_स

काकू, तुमचे म्हणणे मनाला लागले, आणि याचा विचार मी मत देताना केला नव्हता हे मान्य करते. एक माहिती उपयोगी पडेल म्हणून देते. लिंकन वेच्या उत्तरेकडचा ग्रेट हायवे अजून मोटारींसाठी खुला आहे, आणि तेथील वाहनतळावर गाडी समुद्राकडे तोंड करून लावता येते. काका गाडीत बसूनच लाटा पाहू शकतील.

सावंतवाडीकर_काकू

तो वाहनतळ मला माहीत आहे, बाळ. तेथे समुद्र दिसतो, पण एकाच जागी. त्यांना चालता येत नाही म्हणून पुढे पुढे सरकणारा किनारा हवा असतो. तरीही तू मनापासून सुचवलेस, बरे वाटले.

स्थापत्य५८

काकूंच्या मुद्द्यावर एक ठोस सूचना. पार्कमधील जेएफके ड्राइव्ह २०२२ मध्ये मोटारींसाठी कायमचा बंद झाला, तेव्हा तेथे फुकट धावणारी छोटी बस आणि अपंगांसाठी वाहनतळाच्या जागा यांची सोय झाली. सनसेट ड्यून्सवर लिंकनपासून स्लोटपर्यंत संथ जाणारी, उघड्या बाजूंची एखादी छोटी बस आठवड्यातून काही दिवस चालवणे अशक्य नाही. डांबर तेथे आहेच. ही मागणी रस्ता खुला करण्याच्या बाजूचे आणि विरोधातले असे सगळेच करू शकतात.

नोरिएगाकर

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस मी प्रत्येक प्रतिसाद आईलाही वाचून दाखवला. धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो आणि माझे मत सांगतो.

रस्ता पूर्ण खुला करण्याच्या मागणीवर मी सही करणार नाही. याचे कारण आई नव्हे. ती डिसेंबरात परत जाईल. स्थापत्य५८ यांनी दक्षिणेच्या तुकड्याविषयी लिहिले त्याने माझे मत बदलले. मी मनात जो रस्ता परत मागत होतो, तो स्कायलाइनला थेट मिळणारा रस्ता होता, आणि तो कोणत्याही मतदानाने मला मिळणार नाही. जो मिळेल तो स्लोटला संपेल, आणि त्यासाठी पंचेचाळिसावी यांची रात्रीची शांतता आणि शर्वरी यांच्या मुलीची सायकल मागणे मला योग्य वाटत नाही.

पण मी २०२४ मध्ये विरोधात मत दिले ते चुकले, असेही मी म्हणणार नाही. २०२५ अखेरपर्यंत प्रयोग चालेल असे आम्हाला सांगितले होते. तो पुरा होऊ द्यायला हवा होता, त्यातून काय दिसले ते आमच्यासमोर मांडायला हवे होते, आणि मग मत मागायला हवे होते. अकरापैकी पाच सुपरवायझरांच्या सह्यांनी तो प्रश्न शेवटच्या मुदतीला मतपत्रिकेवर गेला, आणि माझ्या माहितीप्रमाणे आमच्या भागात त्यावर आधी एक साधी सभासुद्धा झाली नाही. माझे काही शेजारी उद्यानात रोज फिरायला जातात आणि तरीही त्यांनी सप्टेंबरमध्ये एंगार्डिओ यांच्या विरोधात मत दिले. बाहेरच्यांना हे विसंगत वाटते. मला वाटत नाही.

मला आता तीन गोष्टींसाठी भांडायचे आहे: चेन ऑफ लेक्सच्या चौकात सकाळच्या वेळी सिग्नलचा काळ वाढवणे, काकूंसाठी ती छोटी बस, आणि २९ व १८ क्रमांकाच्या बसच्या फेऱ्या वाढवणे.

रिचमंडवासी

मी सही करणार आहे, आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला करायला सांगणार आहे. दक्षिणेचा तुकडा गेला तरी स्लोटपर्यंतचा मार्ग पार्कमधल्या त्या रांगेपेक्षा आमच्यासाठी बराच बरा होता, आणि सिग्नलचा काळ वाढवून ती रांग सुटेल यावर माझा विश्वास नाही. तुम्ही त्या चौकातून सकाळी कधी गेला आहात का?

नोरिएगाकर

नाही. मी पार्कच्या या बाजूला राहतो, त्यामुळे तो चौक मला लागत नाही.

रिचमंडवासी

मग मंगळवारी या. आम्ही साडेसहाला घरून निघतो. पावणेसातला चेन ऑफ लेक्सच्या उत्तरेकडच्या टोकाला थांबा, तेथून माझ्या गाडीत बसा, आणि लिंकनला बाहेर पडायला किती वेळ लागतो ते स्वतः घड्याळ लावून मोजा. सासरे मागच्या सीटवर असतील. त्यांना सांगलीच्या माणसाशी बोलायला आवडेल, त्यांची नोकरी मिरजेत झाली.

नोरिएगाकर

येतो. पावणेसातला उत्तरेकडच्या टोकाला उभा असेन. सिग्नलची तक्रार ३११ वर (शहराच्या तक्रार क्रमांकावर) नोंदवायची झाली तर तेथूनच दोघांच्या नावाने नोंदवू.